चामड्यावरील खिळे : एका खेळांतील चिलखतांच्या वर्गीकरणाचें परीक्षण

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं रचिलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ सन १९७४ मध्यें प्रथम प्रसिद्ध झाला. यांत एक जण सूत्रधार होतो, इतर जण योद्धे, मांत्रिक, चोर इत्यादि पात्रांच्या भूमिका घेतात, आणि वार लागला कीं चुकला याचा निर्णय वीस पैलूंच्या फांशानें होतो. खेळ कल्पनेंतला असला तरी त्याच्या नियमग्रंथांतील चिलखतांचीं कोष्टकें मध्ययुगीन यूरोपाच्या आधारें मांडिलेलीं आहेत. पुष्कळ तरुण वाचकांस चिलखतांची पहिली ओळख याच कोष्टकांवरून होते. सबब त्यांची छाननी या त्रैमासिकाच्या कक्षेबाहेरची आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रथम मूळ नियम पाहूं. सन २०१४ च्या आवृत्तींत चिलखत नसलेल्या सामान्य मनुष्याचा संरक्षणांक १०, कड्यांच्या चिलखताचा १६ व पत्र्यांच्या संपूर्ण चिलखताचा १८ आहे. फांशावरील दानांत मारणाराचें कौशल्य मिळवून तो अंक गांठावा लागतो. कौशल्य ५ धरल्यास पहिल्यावर शंभरांतले ८० वार लागतील, दुसऱ्यावर ५० व तिसऱ्यावर ४०. यावर नेहमींचा आक्षेप असा कीं, चिलखतानें वार चुकत नाहीं, तो लागून निष्फळ होतो. आक्षेप वस्तुस्थितीस धरून आहे. सन १६५९ मधील प्रतापगडच्या भेटीची बखरींतील हकीकत घेतली तरी, खानाचा वार महाराजांच्या अंगावर आला, पण आंतील चिलखतानें तो अडविला, असेंच तेथें सांगितलें आहे. तथापि एवढ्यावरून नियम खोटा ठरत नाहीं. वार हुकला काय किंवा अडला काय, जखम झाली नाहीं हें फल एकच. फल एक असतां कारणभेद गाळणें हा संक्षेप होय. त्यास असत्य म्हणतां येणार नाहीं. ‘रूनक्वेस्ट’ (१९७८) या दुसऱ्या खेळांत चिलखताचा अंक जखमेंतून वजा करितात व प्रत्येक अवयवाचा हिशेब निराळा ठेवितात. ती रीत कारणाच्या अधिक जवळ जाते, पण प्रत्येक वारामागें गणित वाढतें. दोहोंतून कोणती घ्यावी हा खेळणारांच्या सोयीचा प्रश्न आहे.

आमचा खरा आक्षेप नांवांवर आहे. सन १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ मध्यें कड्यांच्या चिलखताखेरीज ‘रिंग मेल’, ‘बँडेड मेल’ आणि ‘स्टडेड लेदर’, म्हणजे खिळे ठोकलेलें चामडें, अशा स्वतंत्र जाती दिल्या आहेत. यांपैकीं पहिल्या दोहोंचें मूळ एकोणिसाव्या शतकांतील पुराणवस्तुशास्त्रांत आहे. सॅम्युअल रश मेरिक यांनीं सन १८२४ मध्यें प्राचीन चिलखतांवरील आपला त्रिखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. शिक्के, थडग्यांवरील मूर्ति व चित्रें यांत कडीं ज्या ज्या रीतीनें दाखविलेलीं आढळलीं, त्या त्या रीतीवरून त्यांनीं चिलखताच्या निराळ्या जाती कल्पिल्या. क्लॉड ब्लेअर यांच्या सन १९५८ च्या ग्रंथापर्यंत विद्वानांचें मत पालटलें होतें. बेयोच्या भरतकामांतील सुटीं वर्तुळें किंवा थडग्यांवरील आडवे पट्टे या बहुतेक एकाच वस्तूचें, म्हणजे गुंतविलेल्या कड्यांचें, चित्रण करण्याच्या रूढी होत. तीन लेखकूंनीं एक अक्षर तीन वळणांनीं लिहिलें म्हणून तीं तीन अक्षरें होत नाहींत. सन २०१४ च्या कोष्टकांत ‘बँडेड मेल’ नाहीं हें ठीक झालें. ‘रिंग मेल’ मात्र कायम आहे.

‘स्टडेड लेदर’ची गोष्ट याहून बोधप्रद आहे. चित्रांत वस्त्रावर ओळीनें खिळ्यांचीं डोकीं दिसतात, त्यावरून खिळ्यांनीं चामड्यास बळकटी आणिली अशी समजूत झालेली दिसते. गॉटलंड बेटावर विस्बी येथें सन १३६१ च्या लढाईंत पडलेल्यांचे सामुदायिक खड्डे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत खणले गेले, व बेंग्ट थॉर्डेमन यांनीं त्यांवरील ग्रंथ १९३९-४० मध्यें प्रसिद्ध केला. त्या चिलखतांचें बाहेरचें आच्छादन कुजून गेलें होतें, आणि आंतून रिव्हिटांनीं जडविलेले लोखंडी पत्रे तेवढे उरले होते. पुढील ‘ब्रिगंडाइन’ याच तत्त्वाचें. बाहेर दिसतात ते खिळे केवळ पत्रे धरून ठेवण्यासाठीं. रक्षण करितात ते पत्रे. नियमकारांनीं दिसतें तें घेतलें, आणि एका उत्तम लोखंडी चिलखतास साध्या चामड्याच्या वर अवघी एक पायरी दिली.

भरीव वस्त्राचीही अशीच उपेक्षा झाली आहे. फ्रान्सच्या ११ व्या लुईच्या आज्ञेंत सैनिकांच्या अंगरख्यास कापडाचे २५ ते ३० पदर व वर हरणाचें कातडें सांगितलें आहे. कोष्टकांत मात्र असें वस्त्र तळाशीं बसतें. वजनाचा प्रकार तर उलटाच. सन १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ मध्यें कड्यांचें चिलखत ३० पौंड व पत्र्यांचें ४५ पौंड आहे. सन २०१४ मध्यें तेच आंकडे ५५ व ६५ झाले. आंतील भरीव वस्त्र व हातमोजे त्यांत धरले आहेत हें खरें. तथापि पंधराव्या शतकाचीं रणांगणांतील संपूर्ण चिलखतें सामान्यतः ४५ ते ५५ पौंडांचीं भरतात, व तें वजन सर्वांगावर वांटलें जातें. येथें जुनी आवृत्तिच सत्याच्या अधिक जवळ आहे. मागाहूनची प्रत शुद्धतर असते असें गृहीत धरूं नये, हें हस्तलिखितें चाळणारांस निराळें सांगावयास नको.

दुरुस्ती सोपी आहे. ‘स्टडेड लेदर’च्या जागीं ‘ब्रिगंडाइन’ घालून त्याचा अंक वाढवावा. खेळाची गंमत तिळमात्र कमी होणार नाहीं. आमच्या वाचकांस मात्र याहून जवळचें प्रयोजन आहे. मखमलीवर खिळे व आंत पत्रे असे अंगरखे आपल्याकडील संग्रहांतूनही आढळतात. असा अंगरखा हातीं येईल तेव्हां ‘खिळ्यांचें चामडें’ किंवा ‘शोभेचें वस्त्र’ अशी नोंद करण्यापूर्वीं अस्तर पाहावें, खिळ्यांभोंवतीं गंजाचे डाग आहेत काय तें तपासावें, आणि शक्य तर क्ष-किरणांनीं आंतील पत्रे पाहावे. चुकीची नोंद एकदां यादींत शिरली कीं पुढील प्रत्येक यादीकार ती उतरून घेतो. इतकें सुचवून हें परीक्षण पुरें करितों.