प्रवासवर्णन आणि सरहद्द

मराठीत प्रवासवर्णनांची वानवा नाही. तथापि त्यांपैकी पुष्कळांत लेखक पोहोचलेला दिसतो, जाताना दिसत नाही. स्थानक, उतारगृह, प्रेक्षणीय स्थळे आणि परतीचे तिकीट यांच्या दरम्यान जे रस्ते, नाकी व सहप्रवासी असतात, ते बहुधा गाळलेले असतात. आमच्या मते या वाङ्मयप्रकाराचे मर्म नेमके त्या गाळलेल्या भागात आहे.

या मताला आधार जुनाच आहे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली फेरफार करून प्रसिद्ध केला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली वाचकांपुढे आणली. वरसईचा हा भिक्षुक घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. झाशीचा वेढा त्याने आत राहून पाहिला. ग्रंथाचे मोल केवळ या साक्षीत नाही. चालणारा मनुष्य वाटेतल्या प्रत्येकाच्या दयेवर असतो, ही गोष्ट तो लपवीत नाही. आपली भीती, भूक व लोभ तो सांगून टाकतो. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक (१८८९) विचाराने अधिक भारदस्त आहे; परंतु त्यात लोकस्थिती पुढे आहे व वाट मागे. दोहोंची जात निराळी, म्हणून त्यांस एकाच मापाने मोजणे न्याय्य नव्हे.

आता आमच्या यवतमाळ जिल्ह्याकडे पाहावे. पांढरकवड्याहून आदिलाबादेस जाणारा रस्ता पाटणबोरीवरून पैनगंगेच्या पुलावर येतो. पूल ओलांडताच पाट्यांवरील देवनागरी जाऊन तेलुगू लिपी येते; काळी जमीन व कपाशी मात्र तीच राहते. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि ही नदी दोन राजवटींमधील सीमा झाली. १९५६ साली आदिलाबाद आंध्र प्रदेशात व यवतमाळ मुंबई राज्यात गेले. पुढे १९६० साली महाराष्ट्र व २०१४ साली तेलंगण झाले. नदी एकच; तिच्या दोन्ही तीरांची सरकारे तेवढी पालटली. गोंड आणि कोलाम दोन्ही तीरांवर राहतात. पुष्य अमावास्येस केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला महाराष्ट्रातूनही गोंड जातात. त्यांच्या लेखी सरहद्द ही केवळ वाटेतली एक नदी आहे. नकाशा जे सांगत नाही, ते एस. टी.च्या बाकावर शेजारी बसलेला मनुष्य सांगतो. मात्र त्यासाठी त्या बाकावर बसावे लागते.

यावर कोणी म्हणेल, की मग हालअपेष्टा हाच साहित्यगुण मानावयाचा काय? मुळीच नाही. हल्ली पाठीवर पिशवी टाकून परमुलुखात हिंडणारे तरुण पुष्कळ आहेत. मध्य अमेरिकेत, अमेरिकेतील शाळांच्या जुन्या मोटारी रंगवून त्यांतून लोक प्रवास करतात. अशाच मोटारींतून ग्वाटेमालापासून निकाराग्वापर्यंत सरहद्दी ओलांडल्याच्या हकीकती हे तरुण सांगतात. परंतु त्यांतील कित्येकांत भाड्याचा हिशेब आणि स्वतःच्या धाडसाची फुशारकी यांपलीकडे काही नसते. विमानातल्याने रस्ता गाळला. यांनी सहप्रवासी गाळला. शिवाय ज्यास वाटेल तेव्हा घरी परतता येते, त्याने घेतलेली गैरसोय आणि रोज त्याच मोटारीने मजुरीस जाणाऱ्याची गैरसोय एक नव्हे. हा भेद ज्या लेखकास कळत नाही, त्याचे कष्ट वाचकाच्या कामी येत नाहीत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. लेखकाने दूर जावे अथवा पैनगंगा ओलांडावी. परंतु वाटेत कोणाचे काय ऐकले आणि त्यामुळे आपले कोणते मत सोडावे लागले, हे त्याने प्रामाणिकपणे सांगावे. ज्या प्रवासात लेखकाचे एकही मत बदलले नाही, त्याचे पुस्तक करण्याचे प्रयोजन आम्हांस दिसत नाही.