सांधा किती वेळ तग धरतो?

बोईसर-तारापूरच्या कारखानदारीमुळे आग हा विषय पालघरकरांना नवा नाही. पण आगीचा विचार आपण फक्त पदार्थापुरता करतो. लाकूड जळतं, लोखंड जळत नाही, झालं! आमच्या मते हा विचार अपुरा आहे. खांब शाबूत, तुळई शाबूत, पण दोघांमधला सांधा सुटला तर माळा खाली येणारच.

न्याय-वैशेषिकांनी संयोग आणि समवाय यांत भेद केला. धागे आणि वस्त्र यांचा समवाय. खांब आणि तुळई यांचा संयोग. संयोग जुळतो, तसा सुटतोही. आग नेमकी तिथे परीक्षा घेते.

चिंचणी, तारापूर, केळवे-माहीम या पट्ट्यातली सागाच्या खांबांची जुनी घरं आठवा. साग पेटला की वर कोळशाचा थर धरतो, आणि तोच थर आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. 'युरोकोड ५' ही संहिता अशा कठीण लाकडासाठी जळण्याचा वेग मिनिटाला सुमारे ०.५५ मिलिमीटर धरते. म्हणजे २०० मिलिमीटरचा खांब चारी बाजूंनी अर्धा तास जळला, तरी १६५ मिलिमीटरच्या आसपास गाभा उरतो.

आता दुरुस्ती कशी होते ते बघा. सांधा कुजला की बाहेरून लोखंडी पट्टी, त्यात बोल्ट. 'आता मजबूत झालं!' पण ५५०-६०० अंशांना पोलादाची ताकद निम्म्यावर येते. शिवाय बोल्ट उष्णता लाकडाच्या पोटात नेतो. भोकाभोवती कोळसा होतो, पकड सैल पडते. दोन्ही बाजूंना पुरेसं जाड लाकूड असलेल्या बोल्टच्या सांध्यालाही तीच संहिता, संरक्षण नसेल तर, १५ मिनिटंच देते. उघड्या पट्टीला तेवढीही खात्री नाही. आणि ही मिनिटं प्रमाणित भट्टीतली. स्वयंपाकघरातली आग ते घड्याळ पाळत नाही.

मग 'जुनं ते सोनं' म्हणायचं का? तेही नाही. कुसवासाठी खाच कोरली की तिथलं लाकूड पातळ होतं, फट राहिली तर ज्वाळा आत शिरते. १७३२मध्ये बांधून झालेला शनिवारवाडा १८२८च्या आगीत गेला. तट आणि दरवाजे उरले, आतला लाकडी वाडा उरला नाही. सागालाही मुदत असतेच.

उपाय साधे आहेत. धातू लाकडाच्या आत घ्यावा, बोल्टच्या डोक्यावर लाकडी बूच बसवावं, सांध्यावर जिप्सम बोर्डाचं आवरण द्यावं, लाकूड थोडं जाड ठेवावं. खर्च फार नाही. पण घर दुरुस्त करताना आपण सुताराला 'किती वर्षं टिकेल?' एवढंच विचारतो. 'आग लागली तर किती मिनिटं टिकेल?' हेही विचारलं पाहिजे. वरच्या माळ्यावर झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला जिना उतरायला तेवढीच मिनिटं मिळणार आहेत.