शायीच्या मैदानावरचा उजेड

ज्यां-फ्रांस्वा मिले यांचे 'एंजलस' हे चित्र आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिले असेल. मूळ नव्हे, एखाद्या जुन्या कॅलेंडरवर. बटाटे काढणारे एक जोडपे सायंकाळची घंटा ऐकून शेतातच नतमस्तक उभे आहे. या चित्राचा दाखला देऊन आम्ही कितीतरी प्रवचने केली. चित्राकडे मात्र नीट पाहिले नव्हते, हे आज कबूल करणे भाग आहे.

१८५७ ते १८५९ या काळातील हे चित्र जेमतेम ५५ बाय ६६ सेंटिमीटरचे. क्षितिजावरचे चर्च शायी गावचे. फाँतेनब्लोच्या अरण्याकाठी बार्बिझों येथे मिले राहत, तेथून ते जवळच. प्रसंग मात्र तेथला नव्हे. घंटा वाजली की आजी काम थांबवून मृतांसाठी प्रार्थना करायला लावी, ही आपल्या बालपणीची आठवण मिले यांनी १८६५ मध्ये सांगितली. म्हणजे शेत बार्बिझोंकडचे आणि घंटा नॉर्मंडीची! चेहरे अंधारात बुडालेले. उजेड सारा पाठीमागच्या आकाशात. आमच्या प्रवचनांत तो उजेड कधी आलाच नाही.

त्याच उजेडाचा ध्यास मिले यांच्या समकालीनांनी घेतला होता. दोबिन्यी यांनी १८५७ मध्ये होडीतच चित्रशाळा थाटली आणि नदीवर बसून नदी रंगवली. ते केवळ 'इंप्रेशन'वर, मनावर उमटलेल्या ठशावर समाधान मानतात, अशी तक्रार समीक्षक तेओफिल गोतिए यांनी १८६१ मध्ये केली. निंदेचा हा शब्द पुढे, १८७४ नंतर, एका संप्रदायाचे नाव व्हावा, ही गंमतच. १८६५ च्या सुमारास तरुण क्लोद मोने शायीलाच आले. त्यांनी रंगवली ती गावाची सडक, झाडे आणि ऊन. घंटा नाही, प्रार्थनाही नाही.

येथे भक्ती हरवली, असे आमच्या एका धर्मगुरू मित्रांचे मत. आम्हांस ते पटत नाही. 'एंजलस' पाहताना काय वाटावे, हे चित्रच आपल्याला सांगते. मोने यांची सडक तसा आग्रह धरीत नाही. पाहणे तेवढे आपल्यावर सोपवते.

आणि खुद्द मिले? १८७१ मध्ये त्यांनी आपल्या मूळ गावचे, ग्रेव्हीलचे चर्च रंगवायला घेतले आणि कित्येक वर्षे त्यावर काम केले. दगडी भिंती, मनोऱ्याभोवती पाखरे, अंगणात मेंढरे, वाटेने निघालेला एक शेतकरी. तो थांबलेला नाही. आमच्या कचेरीत एकच चित्र लावायचे झाले, तर आम्ही हे लावू.