ठसा जुळला, पण चोर सापडला का?

१९९४ साली आपल्या लातूरशेजारच्या बीड जिल्ह्यात, मामला गावी प्लेग उद्भवला आणि पाठोपाठ सुरतेत. हा प्लेगच नव्हे, अशी शंका काहींनी घेतली. जंतू प्रयोगशाळेत घडवले असावेत, अशी कुजबुजही झाली. पुढे जनुकीय तपासणीने तो यर्सिनिया पेस्टिसच असल्याचा निर्वाळा दिला. ‘जंतू कोणता?’ हे कळले. ‘तो कोणत्या प्रयोगशाळेतला?’ हा प्रश्न मात्र याहून अवघड. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा २०११ सालचा अहवाल याच प्रश्नावर आहे.

२००१ साली अमेरिकेत टपालातून काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे बीजाणू पाठवले गेले. २२ जणांना लागण झाली, त्यांतले ५ दगावले. जंतू ‘एम्स’ वाणाचे होते. पण हे वाण अनेक प्रयोगशाळांत होते. मग पत्रांतल्या जंतूंमध्ये थोड्या प्रमाणात असलेली चार उत्परिवर्तने हेरून हजाराहून अधिक नमुने तपासले. फक्त आठांत चारही सापडली, आणि त्या आठांचा माग फोर्ट डेट्रिकच्या लष्करी प्रयोगशाळेतील ‘आरएमआर-१०२९’ या चंबूकडे गेला.

येथे अहवाल आपल्याला थांबवतो. हा पुरावा त्या चंबूकडे बोट दाखवतो, पण केवळ विज्ञानाच्या आधारे ठाम निष्कर्ष निघत नाही, असे तो म्हणतो. तशीच उत्परिवर्तने दुसरीकडे स्वतंत्रपणे उद्भवू शकतात. शिवाय नमुने कसे घ्यावेत, याच्या सूचनाही पुरेशा काटेकोर नव्हत्या.

आमच्या मते हाच अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग. पण तज्ज्ञांसाठी लिहिल्याने तो नवख्याला चटकन उमगत नाही. वर्गात तो असा सांगता येईल. तुरीच्या पोत्यात चार वेगळ्या जातींचे मोजके दाणे मिसळा. दुसऱ्या पोत्यात तेच चार मिळाले, तर दोन्हींचे मूळ एक असण्याची शक्यता वाढते. पण मूठभरच तूर काढली, तर ते दाणे हाती लागतीलच असे नाही. आणि पोते ओळखले, तरी त्यातून तूर कोणी काढली हे दाणा सांगत नाही. त्या चंबूपर्यंतही अनेकांचा हात पोहोचत होता.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. आधी एका शास्त्रज्ञावर अनेक वर्षे संशय घेतला गेला आणि शेवटी सरकारला त्याला भरपाई द्यावी लागली. दुसरे संशयित ब्रूस आयव्हिन्स यांचा २००८ साली आरोपपत्रापूर्वीच मृत्यू झाला. २०१० साली सरकारने त्यांनाच दोषी मानून तपास बंद केला. न्यायालयात पुराव्याची पारख झालीच नाही.

‘जनुकांनी गुन्हेगार पकडला’ असे वाक्य विद्यार्थ्यांनी वाचले, तर त्यांना एवढेच विचारावे: जनुकांनी नेमके काय सांगितले, आणि पुढचे कोणी जोडले?