टीका वाचताना तारीख बघा

मी विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे समीक्षकाचं मत आधी मोजमापासारखं वाचायचे. ही सवय मोडली राजा रविवर्मांमुळे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यातली देवदेवतांची चित्रं घराघरांत पोचली. पुढे स्वदेशीच्या काळात आनंद कुमारस्वामींनी त्यांची कला नाटकी आणि पाश्चात्त्य वळणाची ठरवली. आज त्याच रविवर्मांची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा आहेत, निर्यातीला कायद्याने बंदी! चित्रं तीच, फूटपट्टी बदलली.

पण म्हणून कुमारस्वामींना चूक ठरवून मोकळे होऊ नका. 'भारतीय' कशाला म्हणायचं, हा त्या काळाचा प्रश्न त्या टीकेत नोंदला गेलाय. तेव्हा लिटरेचर रिव्ह्यूमध्ये एखादं मत उतरवण्याआधी विचारा: हे कोणी, कधी आणि कशाच्या विरोधात लिहिलं?