डेसमॉस कंस माफ करतं, एक्सेल करत नाही

बारावीच्या बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल चालतं. गेटला स्क्रीनवर सायंटिफिक कॅल्क्युलेटर मिळतो, पण तो आलेख काढत नाही. त्यामुळे आमच्या पिंगळीतल्या विद्यार्थ्याला ग्राफिंग कॅल्क्युलेटर पहिल्यांदा भेटतो तो मोबाईलवर, डेसमॉस किंवा जिओजेब्राच्या रूपात. डेसमॉस फुकट आहे, आणि ॲप एकदा घेतलं की रेंज गेली तरी चालतं. मला ते आवडतं. पण संशोधनाकडे वळणाऱ्याला ते एक वाईट सवय लावतं, असं माझं मत आहे.

करूनच बघा. मायकेलिस आणि मेंटेन यांचं १९१३ चं एन्झाइमचं समीकरण घेऊ: य = १०क्ष/(२+क्ष). क्ष = २ असताना उत्तर ५ येतं, आणि क्ष वाढत गेला की वक्र १० च्या जवळ जाऊन सपाट होतो. आता डेसमॉसमध्ये कंस न देता १०क्ष/२+क्ष असं टाईप करा. आलेख बरोबर येतो! कारण भागाकाराची रेघ दाबली की कर्सर छेदात जातो आणि बाण दाबून बाहेर काढेपर्यंत तिथेच राहतो. २ आणि क्ष दोन्ही छेदात जातात.

हेच एक्सेलमध्ये, गुणाकाराचं चिन्ह घालून, पण कंसाशिवाय लिहा. एक्सेल आधी भागाकार करतं, मग बेरीज. म्हणजे ५क्ष + क्ष, अर्थात ६क्ष. क्ष = २ ला उत्तर १२, आणि वक्राच्या जागी सरळ रेषा. एरर वगैरे काही नाही. आकडे गुपचूप चुकतात, आणि प्रबंधाच्या तक्त्यात तसेच जाऊन बसतात.

डेसमॉसच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. ते अपूर्णांक उभा दाखवतं, म्हणजे आपण लिहिलेलं त्याला काय समजलं ते डोळ्यांना दिसतं. एक्सेलच्या एका ओळीत ते दिसत नाही. माझी तक्रार आहे ती त्याच्या एकतर्फी नियमाबद्दल. रेघेच्या डावीकडचं ते जवळच्या अधिक-उणे चिन्हापर्यंतच उचलतं, उजवीकडचं मात्र सगळं पोटात घेतं. म्हणून १/क्ष+१ लिहिणाऱ्याला १/(क्ष+१) मिळतं. नजर आलेखावर असेल तर हे निसटतं.

एक्सेलही काही साधं नाही. घंटेच्या आकाराच्या वक्रासाठी ई चा घात −क्ष^२ द्यायचा असतो. डेसमॉस आणि पायथन आधी वर्ग करतात, मग ऋण. एक्सेल उलट: आधी ऋण, मग वर्ग. क्ष = २ ला ०.०१८ यायला हवं, तिथे ५४.६ येतं!

हातातल्या यंत्रांतही एकवाक्यता नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८२ वर १/२क्ष म्हणजे १/(२क्ष). त्याच कंपनीच्या टीआय-८३ वर तेच (१/२)क्ष होतं.

मग वापरायचं काय? समीकरणाचा स्वभाव समजून घ्यायला डेसमॉसच. स्थिरांक सरकवून वक्र कसा हलतो ते त्याच्याइतकं सोपं कुणी दाखवत नाही. फक्त तिथे गरज नसली तरी अंश आणि छेद दोन्ही कंसात लिहा, म्हणजे बोटांना वळण लागेल. ऋण चिन्हानंतर घात असेल तर −(क्ष^२) असं लिहा. आणि कुठलाही आलेख गाईडला दाखवण्याआधी त्यावरचा एक बिंदू कागदावर हातानं काढून ताडून बघा. वरच्या दोन्ही चुका क्ष = २ ठेवल्याबरोबर पकडल्या जातात. लॉगटेबलवर वाढलेल्या आपल्याला एवढी आकडेमोड जड नाही.