किल्ल्याचं कपाट, धरणाचं कपाट

वासोट्यावरचे व्हिडिओ मी गेल्या दोन वर्षांत इतके पाहिलेत की त्यांचा साचा पाठ झालाय. पहाटेचं बामणोली, लाइफ जॅकेटमधली सेल्फी, मग ड्रोन वर चढतो. खाली शिवसागरचं निळंशार पाणी, आणि निवेदक त्याला निसर्गाची देणगी म्हणून मोकळा होतो.

ती निसर्गाची देणगी नाही. साठच्या दशकात कोयना अडवली, १०३ मीटर उंच भिंत उभी राहिली, त्यामागे आज सुमारे १०५ टीएमसी पाणी मावतं. या पाण्यावर चालणाऱ्या प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. वासोटा अजिंक्य होता तो कड्यांमुळे आणि जंगलामुळे. तिथे बोटीने जावं लागणं ही साठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सगळ्या ट्रेकचं जे आकर्षण, तेच मुळी किल्ल्याच्या इतिहासातलं सगळ्यात नवं प्रकरण आहे. आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही.

मी खाप्याचा. कन्हानच्या काठचं, मँगनीजच्या खाणीजवळचं गाव. आमच्याकडे गड चढायची रीत नाही. चढायचं म्हणजे रामटेकची टेकडी, तीही देवदर्शनाला. शनिवारी रात्री झोपायचं सोडून लोक बसने किल्ल्यावर जातात, हे मला नोकरीसाठी पुण्याला आल्यावर कळलं. पण धरणाचं पाणी मला ओळखता येतं. पेंच नदी पुढे आमच्या कन्हानलाच मिळते. तिच्यावर तोतलाडोहचं धरण झालं, पाणी जंगलात पसरलं, त्या पाण्यात मासे धरून जगणारी माणसं राष्ट्रीय उद्यानाच्या नियमात अडकली आणि शेवटी तिथली वस्तीच उठली. त्यामुळे जंगलात एवढं मोठं, सपाट पाणी दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो, इथे आधी कोण राहत होतं?

वासोट्यावरच्या लेखांमध्येही याचं उत्तर सापडत नाही. कसे जाल, काय पाहाल, सोबत काय न्याल. यात वाईट काही नाही, सूचना नीट लिहिणं हे मेहनतीचं काम आहे, मी रोज तेच करतो. खटकतो तो इतिहासाचा परिच्छेद. शिवाजी महाराजांनी ठेवलेलं व्याघ्रगड हे नाव येतं. मग ताई तेलीण आणि बापू गोखले, त्यांच्यावरच्या त्या प्रसिद्ध ओळींसकट. मग १८१८, इंग्रजांच्या तोफा जुन्या वासोट्यावर चढतात, किल्ला पडतो. पूर्णविराम. पुढचा परिच्छेद थेट वनखात्याच्या परवानगीचा. मधली दीडशे-पावणेदोनशे वर्षं गायब! तेवढ्यात धरण झालं, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला, १९८५ मध्ये अभयारण्य आलं, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. ज्या घनदाट अरण्याचं कौतुक करताना सगळ्यांची विशेषणं संपतात, त्या अरण्यातली शांतता माणसं उठल्यामुळेही आलेली आहे.

पायथ्याच्या जागेचं नाव मेट इंदवली. मेट म्हणजे किल्ल्याखालची पहाऱ्याची चौकी. म्हणजे गडाची राखण ज्यांच्याकडे होती त्यांचा पत्ता त्या नावातच आहे. गाव उठलं, नाव राहिलं. आता तिथे बोट लागते, नोंद होते, आणि वाटाड्या पुढे निघतो.

मराठीत याची अडचण मला कपाटांची वाटते. एक कपाट किल्ल्यांचं, दुसरं धरणांचं. पहिल्यात गो. नी. दांडेकर आहेत, दुसऱ्यात विश्वास पाटलांची १९९१ ची ‘झाडाझडती’. ट्रेकवाले पहिलं उघडतात, दुसऱ्याकडे जात नाहीत. गंमत म्हणजे गोनीदांना निव्वळ दगडी तटबंदीचं वेड होतं असं समजणं चूक आहे. ‘पवनाकाठचा धोंडी’ तुंग किल्ल्याच्या हवालदाराची गोष्ट आहे. ‘माचीवरला बुधा’मध्ये मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला म्हातारा आहे. ‘जैत रे जैत’मध्ये डोंगर चढतो तो ठाकरांचा नाग्या, स्वतःच्या कारणासाठी, कुणाचं सामान घेऊन नाही. गडाखालचा माणूस तिथे नायक आहे. त्यांचं नाव घेऊन लिहिणाऱ्या आजच्या लेखनात तो ‘स्थानिक काका’ झालाय. काका हसरे असतात, पिठलं-भाकरी वाढतात, आणि व्हिडिओतून जातात.

वाटाड्याला मध्यभागी ठेवून मोठं काम होऊ शकतं, याचा पुरावा बाहेरही आहे. आर्सेन्येव हा रशियन अधिकारी नकाशे करायला जंगलात गेला आणि १९२३ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं ते आपल्या वाटाड्यावर, ‘देर्सू उझाला’. कुरोसावाने त्यावर १९७५ मध्ये सिनेमा केला. तो पाहून डोंगर फारसे आठवत नाहीत, देर्सू आठवतो.

कुणी म्हणेल, माणूस सुट्टीत मजा करायला जातो, त्याने विस्थापनावर प्रबंध का लिहावा? नकोच. फक्त बोटीकडे नीट बघावं. कांदाटी खोऱ्यातल्या गावांसाठी बोट ही सहल नाही. बाजार, दवाखाना, शाळा, सगळं पाण्यापलीकडे. पाणी आलं म्हणून वाटा बुडाल्या, वाटा बुडाल्या म्हणून लाँच आली, लाँच होती म्हणून पुढे आपण आलो. तासाभराच्या त्या प्रवासात एवढं विचारायला वेळ असतो. आणि ते सांगितल्याने मजा कमी होत नाही, उलट वर पोचून बाबूकड्यावरून खाली बघताना दिसणाऱ्या दरीला आणि त्या पाण्याला काहीतरी खोली येते. आत्ता फक्त उंची दिसते.

एका व्हिडिओत साधारण चौथ्या मिनिटाला नावाडी सुकाणूवरचा एक हात काढून पाण्यातली एक जागा दाखवतो आणि काहीतरी सांगतो. दहा-बारा सेकंद तरी बोलतोय. पण त्यावर ढोल-ताशाचं संगीत चढवलंय. मी तो तुकडा चार-पाच वेळा मागे घेतला, वेग कमी करून पाहिला. ओठांवरून गावाचं नाव काही लागत नाही.